तेहतीस फूट दोन इंच

आमच्या घरी माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लोखंडी साखळी वर्षानुवर्षं पडून होती. दोन्ही टोकांना पितळी मुठी, मधे जाड तारेच्या कड्या आणि ठरावीक अंतरावर लोंबणाऱ्या खुणा. लहानपणी मला ती विहिरीच्या रहाटाची वाटायची. नाना, म्हणजे माझे वडील, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. कधीतरी कार्यालयातल्या निरुपयोगी सामानाचा लिलाव झाला. मोडक्या खुर्च्या आणि गंजलेली कपाटं भंगारवाल्याने उचलली, साखळी नानांनी. आईने विचारलं, "हिचं काय करणार?" "काही नाही, राहू दे," एवढंच ते म्हणाले. नोकरीत त्यांनी स्वतः साखळी फारशी ओढली नव्हती. त्यांचा जमाना प्लेन टेबलाचा. साखळी त्यांच्या आधीच्या पिढीची.

गेल्या वर्षी मी ती माळ्यावरून खाली काढली. त्याला कारण झालं गावाकडचा एक बांध. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी या साखळीचा हिशोब सांगायला हवा, कारण महाराष्ट्रातली शेतजमीन आजही याच हिशोबावर उभी आहे.

ही साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग आणि प्रत्येक भागाला नाव 'आणा'. म्हणजे एक आणा साधारण दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस घेतला की होतात १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. पुण्याच्या आसपास आज ज्या गुंठ्याच्या भावावरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघत नाहीत, तो गुंठा म्हणजे या साखळीचा वर्ग. सरकारी कागदावर हेक्टर-आर येऊन पन्नासेक वर्षं होत आली. पण 'दीड आर प्लॉट घेतला' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

साखळीला आणे का? कारण तेव्हा अख्ख्याला 'सोळा आणे' म्हणत. रुपया सोळा आण्यांचा, उत्तम जमीन सोळा आण्यांची, पीक पूर्ण आलं तर सोळा आणे. दुष्काळ जाहीर करताना आपण अजून 'आणेवारी' म्हणतो. साखळी पाडणाऱ्या इंग्रजाने फूट-इंच स्वतःचे ठेवले, पण भाग पाडताना इथल्या माणसाच्या तोंडात बसलेला अपूर्णांक उचलला. हे त्याला कुणी सुचवलं असेल याचं मला कुतूहल आहे. बहुतेक एखाद्या कारकुनाने.

जमीन मोजणं काही इंग्रजांनी आणलं नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. पण हा सगळा हिशोब क्षेत्राचा होता, नकाशाचा नव्हता. कुणाचं शेत कुठे संपतं हे गावाला माहीत असायचं. ओढा, चिंच, म्हसोबाचा दगड आणि चार म्हाताऱ्यांची आठवण, हा त्यावेळचा नकाशा. १८१८ साली पेशवाई गेल्यावर आलेल्या कंपनी सरकारची अडचण अशी होती की या नकाशाची नक्कल काढून पुण्याला किंवा मुंबईला पाठवता येत नव्हती.

पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याचा. हा हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता, आणि १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगलने तो दख्खनच्या मुरमाड रानावर लावून पाहिला. प्रत्येक शेताचं क्षेत्र मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, पीक किती येतं ते काढायचं, त्यातून बी-बियाणं, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर हे देखणं होतं. पण निव्वळ उत्पन्न काढायला जे आकडे लागत, ते शेतकरी आणि हाताखालचे कारकून देणार. शेतकरी कमी सांगणार, कारकून पैसे घेऊन कमी-जास्त लिहिणार. इंदापूर तालुक्यात ही आकारणी लागू झाली आणि लोक जमिनी टाकून निघून जाऊ लागले. तिथला पाऊस रिकार्डोने वाचलेला नव्हता.

मग १८३५ मध्ये त्याच इंदापुरात दोन माणसं नव्याने कामाला लागली. मुलकी खात्यातला गोल्डस्मिड आणि इंजिनियर लेफ्टनंट विंगेट. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. निव्वळ उत्पन्नाच्या फंदात न पडता जमिनींची एकमेकींशी तुलना करायची. ही सोळा आण्यांची धरली तर ती किती आण्यांची, एवढंच. प्रतबंदीचा माणूस शेतात ठिकठिकाणी पहार मारून माती किती खोल आहे ते पाहायचा. पावणेदोन हातांपर्यंत खोल माती चांगली, पाव हातावर खडक लागला तर तळाची. चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, असा एकेक दोष मिळाला की प्रत एकेक पायरी खाली. सोळा आणे, चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन, दोन, अशा नऊ पायऱ्या. एकदा ठरलेला सारा तीस वर्षं वाढणार नाही आणि या काळात शेतकऱ्याने विहीर खणली तर तिचा फायदा त्याचा, हे आश्वासन. जमीन टाकून गेलेले लोक परतू लागले. १८४७ साली या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले आणि मुंबई इलाखाभर पसरले.

सर्व्हे नंबर किती मोठा असावा, याचा त्यांचा नियम मला फार आवडतो. एक बैलजोडी जेवढी जमीन कसू शकेल तेवढा एक नंबर. हलकी कोरडवाहू असेल तर वीस एकर, मध्यम असेल तर पंधरा, चांगली काळी असेल तर बारा, भाताची असेल तर चार. म्हणजे आज उपग्रहावरून मोजली जाणारी आपली जी चौकट आहे, तिच्या मुळाशी बैलाचा दम आहे.

हे फार गोड चित्र झालं, हे मला कळतं. तीस वर्षं संपली, इंदापूरची फेरआकारणी झाली, सारा वाढला. कापसाची तेजी ओसरली, सावकारी वाढली आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. मोजणी हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. पण जमीन एकदा कागदावर नेमकी उतरली की ती गहाणही नेमकी टाकता येते, हेही तितकंच खरं.

आता मोजणी कशी होत असे ते सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातच आहे. शेताच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत साखळी ओढत सरळ रेषा धरायची. बांधाला जिथे बाक असेल तिथे त्या रेषेवरून काटकोनात अंतर मोजायचं. काटकोन साधायला शंकू, म्हणजे काठीवर बसवलेलं, एकमेकींना काटकोनात छेद देणाऱ्या फटींचं साधन. यावरून या सगळ्या पद्धतीचं नावच पडलं 'शंकू-साखळी'. मिळालेली अंतरं साखळी-आण्यांत एका कच्च्या आकृतीवर टिपायची, ते 'टिपण'. टिपणातल्या त्रिकोण-चौकोनांचे गुणाकार करून क्षेत्र काढायचं, ते 'गुणाकार बुक'. या शब्दांवर मी वाढलो. इतर मुलांच्या घरी जेवताना क्रिकेट असायचं, आमच्याकडे फाळणी आणि टिपण.

लक्षात घ्या, यात नकाशा सगळ्यात शेवटी येतो. सरकारला हवं होतं क्षेत्र, कारण सारा क्षेत्रावर. गावाचा नकाशा ही नंतर जुळवून काढलेली आकृती. तो बहुधा एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणात काढलेला असे, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट. बोरूने काढलेली पाव मिलिमीटर जाडीची शाईची रेघ घ्या. जमिनीवर ती जवळजवळ दोन मीटर रुंद होते, साडेसहा फूट! दोन शेतांमधली हद्द त्या साडेसहा फुटांत नेमकी कुठे, ते नकाशा सांगत नाही आणि सांगण्यासाठी तो काढलेलाही नव्हता. त्यासाठी जमिनीवर दगड होता आणि बांध होता.

दुसरी गोष्ट म्हणजे हा नकाशा पृथ्वीवर कुठेच नव्हता. त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. प्रत्येक गाव म्हणजे एक सुटं बेट.

गंमत अशी की त्याच काळात, त्याच देशात, पृथ्वीवरची अचूक जागा सांगणारी जगातली एक थोर मोजणीही चालू होती. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची माळ सुरू केली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे एव्हरेस्टने ही माळ हिमालयाच्या पायथ्याला नेली. लॅम्बटनच्या त्रिकोणांना शेतं दिसत नव्हती आणि विंगेटच्या साखळीला पृथ्वीचा आकार माहीत नव्हता. एकाचं काम फौजेसाठी आणि विज्ञानासाठी, दुसऱ्याचं साऱ्यासाठी. दोन्ही नकाशे दीडशे वर्षं एकाच जमिनीवर एकमेकांना न भेटता नांदले. त्यांची गाठ घालून द्यायचं काम संगणकावर आलं, आणि त्या मजुरीत मीही होतो.

त्याआधी नानांचा प्लेन टेबल. तीन पायांच्या घडवंचीवर लाकडी फळा, त्यावर ताणून लावलेला कागद, वर दुर्बिणीची पट्टी, खिशात टोक काढलेल्या कडक पेन्सिली. फळा शेतातच मांडायचा, दूर झेंडी धरलेल्या माणसाकडे दुर्बीण रोखायची आणि पट्टीला धरून रेघ मारायची. आकडे घरी नेऊन आकृती काढायची नाही, नकाशा तिथेच उभ्या उभ्या तयार होतो. सुट्टीत मी नानांबरोबर जायचो तेव्हा फळ्याभोवती गर्दी जमलेली असे. अर्जदार, लगतधारक, त्यांची मुलं, एखादा वाटसरू. कागदावर आपला बांध उतरताना सगळे बघत. एकदा एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, माझी हीर कुठंशी आली ह्यात?" नानांनी बारीकसं वर्तुळ काढलं. तिने त्यावर बोट टेकवलं, मग मान वळवून खऱ्या विहिरीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आली बरुबर." अंतर बरोबर आहे की नाही हे तिला कळायचं काहीच कारण नव्हतं. पण ती रेघ तिच्या डोळ्यांदेखत ओढली गेली होती.

नानांची चूक होत नसे असं नाही. उन्हाने कागद ताणला जातो, पावसाळी हवेत सैल पडतो, झेंडीवाला कंटाळला की काठी तिरपी धरतो. हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं.

आकाशातून पाहायची सोय मात्र तेव्हाही जुनीच होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात विमानातून फोटो घेऊन नकाशे करायचा सराव झाला आणि १९२४ साली इरावतीच्या मुखाकडची जंगलं, जिथे साखळी न्यायची सोय नव्हती, ती विमानातून टिपली गेली. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच भाग. स्वातंत्र्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशांचं बरंचसं काम हवाई फोटोंवरूनच झालं. कॉलेजात मी भूगोलाला होतो तेव्हा अशी एक फोटोंची जोडी मला हाताळायला मिळाली. विमान पुढे जाताना एकाच जागेचे दोन फोटो थोड्या वेगळ्या ठिकाणांहून निघतात. ते शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिलं की क्षणभर सगळं धूसर दिसतं आणि मग एकदम डोंगर कागदातून उठून उभा राहतो. मी दचकून मान मागे घेतली होती. तो उठलेला डोंगर मोजून समोच्च रेषा काढता येतात.

पण हे फोटो कुलपात असत. प्रत्येक प्रतीची नोंद, नेताना सही, परत करताना सही. सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून ठरावीक अंतरातले तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. त्यात अख्खं कोकण आलं. आमची सहल जायची रत्नागिरीला आणि नकाशा हाती यायचा भोर-महाबळेश्वरचा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दार किलकिलं केलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी गूगल अर्थ आलं आणि ज्या डोंगराचा फोटो सही करून घ्यावा लागे, तो सायबर कॅफेत तासाच्या दराने दिसायला लागला. नकाशे करण्यावरची आणि वापरण्यावरची बहुतेक बंधनं सरकारने औपचारिकपणे उठवली ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये.

माझी नोकरी या दोन टोकांच्या मधली. पुण्यातल्या एका कंपनीत मी बारा वर्षं गावनकाशे 'डिजिटाइज' केले. जुना, कापडावर चिकटवलेला नकाशा स्कॅन व्हायचा, पडद्यावर यायचा आणि आम्ही माऊसने त्याच्या रेघा गिरवायचो. पैसे नगावर. कापडावरचा कागद शंभर वर्षांत आटतो आणि तोही उभा एका प्रमाणात, आडवा दुसऱ्या प्रमाणात. घडी पडलेल्या ठिकाणी शाई उडालेली असते. नव्या मुलांनी घडीलाच हद्द समजून रेघ ओढल्याचं मी एकदा पकडलं. आधी किती सुटल्या असतील ते सांगता येत नाही.

खरी मजा शेजारची दोन गावं जोडताना. शिवेची रेघ दोन्ही नकाशांत आहे, पण ती एकसारखी नाही. जुळवून ठेवली की कुठे फट पडते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढतं. एका बाजूला जमीन कुणाचीच नाही, दुसऱ्या बाजूला दोघांची. मग ती बेटं उपग्रहाच्या चित्रावर बसवायची. ओढा ओढ्यावर, रस्ता रस्त्यावर, विहीर विहिरीवर. एक कोपरा बसवला की दुसरा सरकतो. शेवटी नकाशा रबरासारखा ताणायचा. कंपनीत याला खरोखरच 'रबर शीटिंग' म्हणत. विंगेटची साखळी आणि लॅम्बटनची पृथ्वी यांचं लग्न आम्ही असं ओढून-ताणून लावलं.

घरी येऊन मी हे नानांना सांगायचो. एकदा त्यांनी विचारलं, "ताणताना टिपण बघता का?" मी म्हणालो, टिपण आम्हाला देतच नाहीत, फक्त नकाशा देतात. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे सावलीवरून माणसाला कपडे शिवताय."

गावठाणाची गोष्ट वेगळी. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून विंगेटच्या लोकांनी तिथे साखळीच नेली नाही. गावनकाशात मधोमध एक रिकामा गोळा असतो आणि त्यात फक्त 'गावठाण' लिहिलेलं. मोठ्या गावांचा सिटी सर्व्हे पुढे झाला, पण लहान गावांतली घरं पिढ्यानपिढ्या नकाशाबाहेर राहिली. ती भरून काढायला आता ड्रोन आला आहे. एप्रिल २०२० मध्ये देशभर जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेआधी त्याचा प्रयोग झाला तो आपल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे, त्यांचा वाडा ज्या गावात आहे आणि त्यांनी बांधलेला मल्हारगड ज्या गावाच्या डोक्यावर आहे, ते हे सोनोरी.

ड्रोनचं काम मी दुसऱ्या एका गावात पाहिलं. आधी ग्रामसेवक आणि गावकरी मिळून प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतात, कबड्डीच्या मैदानाला आखतात तशी. मग ड्रोन शंभर-सव्वाशे मीटरवरून शिस्तीत फेऱ्या मारतो आणि एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढतो. तत्त्व तेच, स्टिरिओस्कोपचं. फक्त डोंगर उठवायचं काम आता संगणक करतो आणि पाच सेंटिमीटरपर्यंतचा तपशील दिसतो. सगळ्यांच्या नजरा वर आकाशाकडे होत्या. मला मात्र त्या सकाळची खरी मोजणी फक्कीच्या घमेल्यात दिसली. कुठे ओतायची यावरून दोन जावांची जी जुंपली, ती ड्रोनच्या कुठल्याच फोटोत येणार नव्हती. शिवाय ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पाखं भिंतीच्या दीड-दोन हात पुढे आलेलं असतं. वळचणीखालची जागा कुणाची, हा गावठाणातला सगळ्यात जुना तंटा, आणि तो वरून झाकलेला राहतो. म्हणून मग नकाशाचा मसुदा घेऊन माणसांनाच दारोदार फिरून भिंती ताडून पाहाव्या लागतात.

आता बांध.

पणजोबांचे दोन लगतचे सर्व्हे नंबर होते. आजोबांच्या पिढीत एक नंबर आमच्याकडे आला, एक चुलत घराकडे. मधे बांध, बांधावर एक बाभळ आणि दोन सीताफळं. नाना गेल्यावर काही वर्षांनी चुलतभावाने, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. भांडण नव्हतं. त्याच्या मुलाला शेततळ्याला कुंपण घालायचं होतं. मोजणीला पंचविशीतली एक मुलगी आली. हातात रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेला पांढरा टोप. तो उपग्रहांचे संदेश घेतो आणि कायम एका जागी बसवलेल्या केंद्राकडून मोबाइलवरून दुरुस्ती घेतो. काठी टेकवली, बुडबुडा मधे आणला, काही सेकंदांत जागा नक्की. नानांना जे काम दिवसभर पुरलं असतं ते तिने दोन तासांत उरकलं. तिच्या टॅबभोवती आम्हीही गर्दी केली, पण उन्हात पडद्यावर आमचेच चेहरे दिसत होते. अण्णाने टोपी काढून सावली धरली तेव्हा एक निळी रेघ दिसली. ती बांधावर नव्हती. आमच्या बाजूला पाच फूट आत होती.

बांधाची लांबी ४३० फूट. त्याला पाच फुटांनी गुणा, म्हणजे दोन गुंठ्यांना थोडं कमी. एवढी जमीन अण्णाची, आणि ती आम्ही तीन पिढ्या कसली, असा त्याचा अर्थ.

मी विचारलं, "चूक असू शकते का?" ती म्हणाली, "काका, यंत्राची चूक दोन-तीन सेंटिमीटर. नकाशाची किती, ते यंत्राला कुठं ठाऊक?" कपाळावरचा घाम पुसत तिने जोडलं, "मला जो नकाशा भरून दिलाय, त्यातली रेघ मी जमिनीवर दाखवते." तो नकाशा कधीकाळी कुणीतरी माऊसने गिरवलेला. आमच्या तालुक्याचं काम मी केलं नव्हतं. पण तसलंच काम मी केलंय.

मी जुन्या टिपणाची नक्कल मागवली. ओढ्याकाठच्या हद्दीच्या दगडापासून या बांधापर्यंतचं अंतर त्यात आहे, बारा साखळ्या नऊ आणे. म्हणजे चारशे साडेचौदा फूट म्हणायला हरकत नाही. दगड अजून आहे, अर्धा गाळात रुतलेला. पोलादी टेप लावून मोजलं तर बांध ४१९ फुटांच्या थोडा पुढे. पाच फूट. मुलीची निळी रेघ आणि दीडशे वर्षांपूर्वीचं टिपण, दोन्ही अण्णाच्या बाजूने.

त्या रात्री मी माळ्यावरची साखळी काढली. गच्चीवर पसरली, दोन्ही बाजूंनी ताणून धरली आणि टेप लावला. तेहतीस फूट दोन इंच. साखळी वापरून वापरून लांब होते, कड्या एकमेकींना घासतात आणि भोकं मोठी होतात. अशा लांबलेल्या साखळीने मोजलं तर टिपणात अंतर कमी पडतं आणि जमिनीवर ते जास्त असतं. बारा साखळ्या नऊ आण्यांना प्रत्येकी दोन इंच, म्हणजे दोन फुटांच्या वर. वादातले पाच फूट तिथल्या तिथे तीनवर आले.

माझा स्वार्थ यात उघड आहे. ही साखळी काही त्या मोजणीतली नव्हे. त्या काळी साखळ्या वेळोवेळी प्रमाण मापाशी ताडून पाहात, तीही कदाचित आदल्या दिवशीच ताडलेली असेल. ती माझ्या साखळीइतकीच झिजली होती असं मानायला माझ्याकडे माझे दोन गुंठे सोडून काहीही कारण नाही. आणि उरलेल्या तीन फुटांचं काय? दर नांगरटीला बांध बोटभर सरकतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागत नाही. कुणाच्या औताने सरकला, हे सांगणारं यंत्र नाही.

मी अण्णाला फोन करून साखळीचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "नाना असते तर काय म्हणाले असते रे?" त्याने विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. नाना स्वतःच्या भावकीची मोजणी कधी करत नसत, बदलीवर असल्यासारखे त्या दिवशी गावातच नसायचे. थोड्या वेळाने अण्णा म्हणाला, "मुलगा निमतान्याचा अर्ज भरतोय. वरचा साहेब येऊन बघेल. तू तुझी साखळी घेऊन ये."

निमतान्याची नोटीस अजून आलेली नाही. अण्णाच्या मुलाने तूर निळ्या रेघेपर्यंत न पेरता जुन्या बांधापर्यंतच पेरली. आम्हीही आमच्या बाजूला पाच फूट पडीक सोडले. साखळीला तेल लावून ठेवलं आहे. ताणताना एक कडी उघडायला लागली होती, ती लोहाराकडून दाबून घ्यावी की तशीच न्यावी हे ठरत नाही. दाबली तर मापात फरक पडेल.